पारा राहतो कुठे?

काचवाल्याने घरात सवत आणली ती भंगाराच्या दुकानातून, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सवत म्हणजे एक काळी, वीतभर रुंदीची पेटी. समोर दोन बटणं, एक थरथरती सुई आणि पिळदार वायरीला लटकणारा माईक. ट्रकवाले आपसात बोलायला गाडीत ठेवतात तो सीबी रेडिओ. मोबाइल आल्यावर पुष्कळांनी तो उपटून फेकून दिला, पण ज्यांना गोडी लागली होती त्यांची काही सुटली नाही. ह्या रेडिओला नंबर लागत नाही की ओळख लागत नाही. बटण दाबायचं आणि बोलायचं, बटण सोडायचं आणि ऐकायचं. त्या टापूत ज्याचा ज्याचा रेडिओ त्या चॅनेलवर चालू असेल त्या प्रत्येकाला ऐकू जातं. खरं नाव तिथे कुणी सांगत नाही. काचवाला आरसे बनवायचा, म्हणून त्याचं तिथलं नाव पारा.

पन्नाशी ओलांडलेला हा माणूस एरवी इतका घुमा की गिऱ्हाईक दोन वाक्यांत कंटाळून निघून जायचं. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. ती म्हणायची, "दिवसभर लोकांच्या शिरा शोधते आणि घरी येऊन ह्यांच्या तोंडातला शब्द शोधते. त्यापेक्षा शिरा बऱ्या, लवकर सापडतात." पण माईक हातात आला की त्याच माणसाला कंठ फुटायचा. पारा थट्टा करायचा, रस्ते सांगायचा, कुणाची गाडी बंद पडली तर जवळचा गॅरेजवाला गाठून द्यायचा.

अडचण होती ती काठीची. रेडिओ कितीही चांगला असला तरी अँटेनाशिवाय तो नुसता डबा, आणि पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात अँटेना लावायचा कुठे? पाराने गॅलरीच्या कठड्याला दोन पुरुष उंचीची फायबरची काठी बांधली आणि खाली फरशीवरून चार तारा पसरल्या. त्या तारांत बायकोचा पाय रोज अडकायचा. लिफ्ट चालू झाली की रेडिओत पिठाची गिरणी सुरू व्हायची. आणि खालच्या मजल्यावरचा पेन्शनर एकदा तणतणत वर आला. त्याच्या टीव्हीवर बातम्या सांगणारी बाई मधेच पुरुषी आवाजात म्हणाली होती, "बोला, पारा ऐकतोय."

इमारतीच्या कमिटीची अध्यक्ष होती तळमजल्यावरची हेडबाई. शाळेतून निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण शाळा तिच्यातून निवृत्त झाली नव्हती. तिने दोन वर्षं काठीविरुद्ध लढा दिला आणि शेवटी एक तोडगा काढला. दुकानातून आल्यावर काठी उभी करायची, जेवायला बसण्याआधी उतरवायची. "शाळा सुटल्यावर पोरं खेळतात तेवढा वेळ," ती म्हणाली. "त्यापुढे एक मिनिट नाही."

त्या तेवढ्या वेळात बायपासवरून रोज संध्याकाळी एक जण जायचा. त्याचं नाव गोगलगाय. गाडी अगदी हळू हाकतो म्हणून दुसऱ्यांनी ठेवलेलं, आणि त्याने ते हसत घेतलेलं. त्याच्या ट्रकवर तांब्याच्या तारांची मोठमोठी रिळं असायची. तो टेकडीच्या अलीकडे आला की आवाज यायचा, आणि खडीच्या खाणीचं वळण ओलांडलं की विरून जायचा. चार वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. गोगलगायीच्या रेडिओची एक खोड होती. त्याने बटण सोडलं की शेवटी बारीकशी चिमणीसारखी शीळ वाजायची. पारा म्हणायचा, "तुमचा रेडिओ तुमच्यापेक्षा गोड बोलतो."

एका संध्याकाळी गोगलगाय नेहमीसारखं हसला नाही.

"पारा, तुमच्या गॅलरीतून बायपास दिसतो ना?"

"दिसतो की. का हो?"

"माझ्या मागे एक पांढरी व्हॅन आहे. परवाही होती. मी हळू झालो की तीही हळू होते. आता माझ्या मागे हळू चालायला कुणाला आवडेल, सांगा."

पाराने बायकोची पक्षी बघायची दुर्बीण घेतली. उजेड मावळत होता. बायपासवर गाड्यांची रांग होती आणि त्यात ट्रक कितीतरी.

"टपावरचे दिवे दोनदा लावा," तो म्हणाला.

रांगेतल्या एका निळ्या ट्रकच्या टपावरचे दिवे दोनदा लागले. चार वर्षांनी पाराला आपला मित्र दिसला तो असा, पिवळ्या ठिपक्यांच्या रूपात. त्याला क्षणभर पोरासारखा आनंद झाला. मग त्याने दुर्बीण जरा मागे सरकवली. पांढरी व्हॅन होती. तिचा डावीकडचा दिवा फुटलेला होता. मधे दुसरी गाडी घुसू बघत होती, तिला ती शिरू देत नव्हती.

"आहे. एका दिव्याची. तुम्ही थांबू नका. पुढे पोलिसांची चौकी आहे ना?"

"खाणीच्या पलीकडे. तिथे थांबतो."

"माझ्याशी बोलत राहा."

गोगलगाय बोलत राहिला. चाकाबद्दल, घरच्या गळक्या नळाबद्दल. मग वळण आलं आणि शब्द तुटायला लागले. "पारा, ती पुढे... आडवी..." एवढं आलं, आणि नंतर नुसती खरखर. शेवटची शीळ वाजलीच नाही.

पाराने फोन उचलून पोलिसांना लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "ट्रकचा नंबर?"

"माहीत नाही. निळा आहे."

"कंपनी?"

"माहीत नाही."

"ड्रायव्हरचं नाव?"

"गोगलगाय."

"साहेब, घरी कुणी मोठं माणूस असेल तर फोन द्या," पोलीस म्हणाला. तरी जाता जाता गस्तीच्या गाडीला सांगतो, असंही म्हणाला. त्याने सांगितलं असेल किंवा नसेल. चार वर्षं ज्याच्याशी सुखदुःखं बोललो त्या माणसाचं साधं नाव आपल्याला ठाऊक नाही, हे पाराच्या मनाला पहिल्यांदा टोचलं.

दुसऱ्या दिवशी गोगलगाय आला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. पारा हाका मारत राहिला. टॅक्सी चालवणारा पोपट, जो चॅनेलवर सगळ्यांत जास्त बोलायचा, म्हणाला, "अहो दादा, सुट्टीवर गेला असेल! तुमचं आपलं काहीतरीच."

चौथ्या संध्याकाळी पारा काठी उभी करून आत आला, आणि रेडिओची सुई एकदम शेवटपर्यंत गेली.

"नमस्कार मंडळी," एक आवाज म्हणाला. मऊ, सावकाश, लग्नाच्या मंडपात पाहुण्यांना या-बसा म्हणावं तसा. "इथे पारा म्हणून कुणी असतात का?"

त्याने बटण सोडलं. शेवटी चिमणीसारखी बारीक शीळ वाजली.

पाराने ती शीळ लगेच ओळखली. माणूस नवा होता, पण रेडिओ गोगलगायीचा होता.

"असतात की!" पोपट उत्साहाने म्हणाला. "आपण कोण?"

"गोगलगायीचा मित्र. तो जरा आजारी आहे हो. पारांसाठी त्याने एक वस्तू दिलीय माझ्याकडे. द्यायची होती. ते राहतात कुठे?"

पाराने माईक झटकन उचलला. पोपटाला गप्प करायला हवं होतं. पण ह्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की कुणाचंच धड ऐकू येत नाही, नुसती किंकाळी उठते. आणि पोपट तर बटण दाबून बसलाच होता. पारा त्याच्या आवाजावर ओरडला, "पोपट, गप्प बस! गप्प बस!" त्याने बटण सोडलं तेव्हा पोपटाचं वाक्य संपत आलं होतं.

"...बायपासच्या कडेची ती उंच इमारत. गॅलरीत काठी उभी दिसेल बघा, आंधळ्यालाही सापडेल!"

"फार उपकार झाले," तो आवाज म्हणाला. मग शीळ वाजली.

पारा गॅलरीत धावला आणि काठी खाली घेतली. घाईत एक खीळ सुटून पाच मजले खाली गेली. बायको लॅबमधून येऊन पर्स खुंटीला अडकवत होती. नवऱ्याचं तोंड बघून ती तशीच उभी राहिली.

त्याने सगळं सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ तिने काही थट्टा केली नाही.

"त्यांना तुम्ही कशाला हवे आहात?"

"व्हॅन मी पाहिली. फुटका दिवा पाहिला. आणि ते सगळं उघड चॅनेलवर बोललो. ऐकलं असणार त्यांनी."

"मग काठी आता उभी करायची नाही."

"नाही करत."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आणि तो बिचारा? जिवंत असला, त्याच्या हाताला माईक लागला, तर कुणाला हाक मारणार?"

काठी उभी केली तर मारेकऱ्याला पत्ता, आडवी केली तर मित्र एकटा. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर.

दोन दिवस काठी पलंगाखाली पडून राहिली. पारा दुकानात जायचा, काच चुकीची कापायचा. घरी आला की पडदा बोटभर सरकवून रस्त्याकडे बघायचा. पांढऱ्या गाड्या जगात इतक्या आहेत हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. दोन ठोके, मग एक. बायकोने भिंगातून पाहिलं आणि सुस्कारा सोडून दार उघडलं. हेडबाई धापा टाकत उभी होती. लिफ्ट असूनही ती जिन्याने आली होती.

"पाणी द्या आधी," ती म्हणाली. पाणी प्यायली. मग पाराकडे बघून म्हणाली, "तुमची काठी कुठे आहे?"

"पलंगाखाली."

"बरं झालं. आज दुपारी दोन माणसं आली होती. एक बोलणारा, एक गप्प. बोलणारा काय गोड, साखरेत घोळून काढलेला. म्हणतो, बाई, इथे रेडिओची काठी लावणारे एक गृहस्थ राहतात ना? मी चाळीस वर्षं पोरं सांभाळली आहेत. खोटं बोलणारं पोर जास्त हसतं. मी म्हटलं, माझ्या इमारतीत मी काठी लावू देईन? पलीकडच्या रांगेत बघा, तिथे शिस्त नाही."

"बाई, तुम्ही..."

"थांबा. मी फाटकापर्यंत त्यांना पोचवायला गेले. पांढरी व्हॅन. पुढचा दिवा नवा बसवलेला, काच लखलखीत, बाकी गाडी चिखलात माखलेली. नंबर पाठ केलाय." तिने तो घडाघडा म्हणून दाखवला, कवितेसारखा. "आता हे काय लफडं आहे ते मला सांगा."

ऐकून झाल्यावर हेडबाईने नाकावरचा चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती अचानक म्हातारी दिसली. "नंबर मी आत्ताच पोलिसांना देते," ती म्हणाली. "पण नुसत्या नंबरावर ते कुठे शोधणार? माणूस कुठे आहे ते कळायला हवं."

पारा खाली वाकला आणि त्याने पलंगाखालून काठी ओढली.

"अहो!" बायको म्हणाली.

"कठड्याला नाही बांधत. खोलीतच आडवी ठेवतो. लांबचं ऐकू येणार नाही, पण त्यांची सुई शेवटाला जात होती. ते जवळच आहेत. मी बोलणार नाही. एक शब्द बोलणार नाही."

काठी पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आडवी झाली. तिघं जण रेडिओभोवती बसली. बाहेर अजून उजेड होता. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. रेडिओ नुसता खरखरत राहिला. पोपटाचा आवाज कुठेच नव्हता. एरवी ह्या वेळी तो चॅनेलवर हटकून असायचा.

मग सुई हलली.

"पारा," तो मऊ आवाज म्हणाला. "ऐकताय ना? मला माहीत आहे ऐकताय."

पाराने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"काठी काढलीत. शहाणे आहात. पण असं बघा, तुमचा मित्र इथे वाट बघतोय. तुम्ही एकदा हो म्हणालात, की त्यालाही घरी जाता येईल." शीळ. शांतता. पुन्हा सुई. "बोला की. चार वर्षं तर बोलत होतात."

हेडबाईच्या तोंडातून "मेल्या" असा शब्द बाहेर पडला. पारा मात्र आता शब्द ऐकतच नव्हता. तो शब्दांच्या मागचं ऐकत होता. मागे काहीतरी धडधडत होतं, जड, एका लयीत. आणि मधेच एक भोंगा वाजला. लांब, मग तुटक, मग लांब, शेवटी चिरका.

बायकोने त्याचं मनगट धरलं. "हा भोंगा मी ऐकलाय. खडी फोडायच्या कारखान्यात. मागच्या वर्षी आम्ही मजुरांचं रक्त घ्यायला गेलो होतो. पाळी सुटताना हाच वाजायचा. तो शेवटी असाच चिरकतो, मजूर त्याला म्हातारीचा खोकला म्हणायचे. आम्हाला मागच्या आवारातली खोली दिली होती. तिथे वजनं उचलायची क्रेन आहे."

"तांब्याची रिळं उचलायला क्रेनच लागते," पारा म्हणाला.

ह्या वेळी फोन हेडबाईने लावला. ती ज्या आवाजात बोलली त्या आवाजापुढे कुणी "घरी मोठं माणूस आहे का" असं विचारलं नसतं. तिने गाडीचा नंबर सांगितला, कारखाना सांगितला, मागचं आवार सांगितलं आणि समोरच्याकडून सगळं परत म्हणून घेतलं.

रेडिओवर तो आवाज अजून बोलत होता. त्याने गोगलगायीच्या घरातल्या गळक्या नळाचा उल्लेख केला. त्याच्या बायकोचा केला. "ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "मग मीच येतो. पलीकडच्या रांगेत काठी नाही, बघून आलो. म्हातारीला नमस्कार सांगा."

शीळ वाजली आणि सुई खाली पडली.

त्या रात्री हेडबाई आपल्या घरी गेली नाही. दाराला आतून टेबल लावलं. तिघांपैकी कुणी जेवलं नाही. लिफ्ट चालू झाली की रेडिओत ती गिरणी सुरू व्हायची आणि तिघांचे डोळे दाराकडे जायचे. लिफ्ट कधी तिसऱ्यावर थांबायची, कधी चौथ्यावर. एकदा ती पाचव्यावर थांबली. पावलं आली, दारापाशी रेंगाळली, आणि पेन्शनरचा आवाज आला, "अहो, आज तुमच्याकडून काही आवाज नाही, बरं आहे ना सगळं?" बायको रडायलाच लागली.

पोलिसांचा फोन आला तेव्हा उजाडत होतं. निळा ट्रक सापडला. क्रेनशेजारच्या खोलीत गोगलगाय सापडला, हातपाय बांधलेला, जिवंत. दोघांना पकडलं. तिसरा, जो बोलायचा, तो तिथे नव्हता. ट्रकमधला रेडिओही नव्हता. वायरी कापलेल्या होत्या.

पारा दवाखान्यात गेला. आवाजावरून त्याने गोगलगाय धिप्पाड, मिशीवाला ठरवून टाकला होता. खाटेवर होता एक किडकिडीत, टक्कल पडलेला माणूस. त्याचा जबडा तीन ठिकाणी मोडला होता आणि डॉक्टरांनी तो तारेने बांधून ठेवला होता. उशाशी बसलेली त्याची बायको उठून उभी राहिली.

"तुम्हीच पारा ना?" ती म्हणाली. "मार खाल्ला, पण इमारत सांगितली नाही ह्यांनी. ते दुसऱ्या कुणाकडून कळलं म्हणे."

पाराला काय बोलावं सुचेना. माईक नसला की त्याची नेहमीच पंचाईत व्हायची. गोगलगायीने त्याच्याकडे पाहिलं, डोळे भरले, आणि त्याला बोलता येईना. चार वर्षं ज्यांना एकमेकांचा फक्त आवाज होता, ते दोघं एकमेकांसमोर मुके बसून राहिले. जाताना पाराने त्याच्या बायकोकडून त्याचं खरं नाव विचारून घेतलं.

पुढे जबडा जुळला, पण बोलणं बोबडं राहिलं. गोगलगायीने ट्रक सोडला आणि बायकोच्या माहेरगावी जाऊन राहिला. पोपटाने एकदा दुकानाबाहेर टॅक्सी थांबवली, काचेतून पाराकडे बघितलं, आणि आत न येताच निघून गेला. हेडबाईने फाटकावर रखवालदार ठेवला. काठीबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, आणि पाराने ती पुन्हा उभी केली नाही. पकडलेल्या दोघांनी तिसऱ्याबद्दल पोलिसांना एवढंच सांगितलं की त्याला सगळे वकील म्हणायचे, कारण तो गोड बोलायचा. खरं नाव त्यांनाही माहीत नव्हतं.

पारा अजून काच कापतो. पण आता तो गिऱ्हाइकाशी बोलतो, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. कुठून आलात, आरसा कुणासाठी, भिंत कसली आहे, असं काहीबाही विचारत राहतो. लोकांना वाटतं, काचवाला म्हातारपणी माणसाळला. समोरचा बोलत असताना तो मान खाली घालून, डोळे मिटून ऐकतो.

परवा दुपारी एक माणूस आला. नीट इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. न्हाणीघरासाठी लहानसा आरसा हवा होता त्याला. "सावकाश होऊ द्या," तो म्हणाला. "मला घाई नाही." आवाज मऊ होता. पण मऊ आवाजाची माणसं काय एकच असतात? रेडिओतून येताना आवाज बारीक होतो, चपटा होतो. समोरासमोर तो कसा ऐकू येईल हे पाराला सांगता येईना. त्याने आरसा कापला, कडा घासल्या, कागदात गुंडाळला. त्याचं बोट कापलं तेही त्याला कळलं नाही.

"घरपोच देता का तुम्ही?" माणसाने विचारलं.

"नाही," पारा म्हणाला.

"मग तुम्ही राहता कुठे? इथे जवळच?"

पाराने वर पाहिलं. माणूस हसत होता. पाराने गुंडाळलेला आरसा पुढे सरकवला. माणसाने पिशवीत आरसा ठेवला, नमस्कार केला आणि रस्ता ओलांडून गर्दीत गेला. पारा बराच वेळ दारात उभा राहिला. मग त्याने भरदुपारी शटर ओढलं, आणि घरी जाताना तीन गल्ल्यांचा वळसा घेतला.